समोरासमोर एक आठवडा: बिनतारखेच्या ए५ साप्ताहिक प्लॅनरचं परीक्षण

डिसेंबर उजाडला की पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर डायऱ्यांच्या थप्प्या दुकानाच्या पायरीपर्यंत येतात. पुढे मांडलेल्या बहुतेक एकाच साच्याच्या: जाड पुठ्ठा, वर रेक्झिन, पानाला एक दिवस. हे परीक्षण त्या डायरीचं नाही. मागच्या फळीवर दुसरा एक प्रकार ठेवलेला असतो. ए५ आकार, समोरासमोरच्या दोन पानांवर अख्खा आठवडा, आणि तारखा छापलेल्या नाहीत. घर, नोकरी, मुलांची शाळा, जोडीला छोटा व्यवसाय अशी तीन-चार खाती एकाच माणसाच्या डोक्यावर असतील, तर कागदी प्लॅनरांमध्ये आमची पहिली पसंती या प्रकाराला आहे. का, ते सांगतो. घेताना काय तपासायचं आणि हा प्रकार कुठे कमी पडतो, तेही सांगतो.

जोडपानाचा हिशेब

ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिमी. चांगल्या साप्ताहिक प्लॅनरमध्ये डाव्या पानावर सात वारांचे सात सारखे चौकोन असतात आणि उजवं पान नुसतं आखलेलं असतं. वरखालचे समास सोडले तर डाव्या पानावर साधारण १८५ मिमी उंची उरते, म्हणजे वाराला २६ मिमी. सात मिमीच्या आखणीत तिथे तारखेची पट्टी आणि तीन ओळी बसतात.

तीन ओळी थोड्या वाटतात, पण या प्लॅनरचं सगळं बळ त्यातच आहे. मोबाइलमधल्या यादीला तळ नसतो. मंगळवारी सतरा कामं टाकली तरी ती निमूट मावतात आणि रात्री त्यांतली तेरा लाल होतात. कागदावर चौथं काम लिहायला गेलं की जागा नसते, आणि त्याच क्षणी ठरवावं लागतं: हे बुधवारी जाईल, दुसऱ्या कुणाला सांगता येईल, की मुळात करायचंच नाही? हा निर्णय काम अंगावर आल्यावर घाईने घेण्याऐवजी चार दिवस आधी, शांतपणे घेतला जातो. नीटनेटकेपणा, मनाला शांती वगैरे फायदे प्लॅनरच्या वेष्टनांवर छापलेले असतात. आमच्या मते खरा फायदा हा एकच आहे आणि बाकीचे त्याच्यामागून येतात: कागद भरतो, आणि भरला की दिसतो.

पानाला एक दिवस देणारी डायरी नेमकी इथे मार खाते. पंचवीस ओळींचं पान एकतर रिकामं राहतं, नाहीतर इच्छांच्या लांब यादीने भरतं. गुरुवारची मुदत सोमवारी दिसत नाही, कारण ती तीन पानं पुढे असते. शिवाय वजन. अशी डायरी सुमारे ३८४ पृष्ठांची होते, म्हणजे १९२ कागद. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा) ए५ कागद अडीच ग्रॅमचा असतो, तेव्हा पुठ्ठा सोडून ४८० ग्रॅम वजन आणि जवळपास दोन सेंटिमीटर जाडी. ती टेबलावर राहते, पिशवीत येत नाही. साप्ताहिक प्लॅनर १६० पृष्ठांत आटपतो: आठवड्यांची १०४, महिन्यांची २४, वर्षाचा आढावा ४, कोरी २८. म्हणजे ८० कागद, २०० ग्रॅम, ८ मिमी; पुठ्ठा धरून तीनशे ग्रॅमच्या आसपास. रोज सोबत नेता येईल असं हे वजन आहे.

एक बारीक गोष्ट. सोमवारपासून आठवडा धरला तर २०२६ हे वर्ष ५२ जोडपानांत बसत नाही. १ जानेवारी गुरुवारी आहे आणि ३१ डिसेंबरही गुरुवारी, त्यामुळे ५३ जोडपानं लागतात. प्लॅनरमध्ये ५२च असली तर शेवटच्या आठवड्यासाठी कोऱ्या पानांतलं एक जोडपान आधीच राखून ठेवावं.

लिहिल्याने लक्षात राहतं का?

राहतं, पण कारण समजून घ्यायला हवं. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते २९ वर्षांच्या ४८ जणांना एका काल्पनिक संभाषणातल्या वर्गांच्या वेळा, भेटीगाठी आणि मुदती टिपून घ्यायला सांगितल्या. काहींना कागदी डायरी आणि पेन दिलं, काहींना टॅब्लेट आणि स्टायलस, काहींना मोबाइल. टिपण्याचं काम कागदावर सुमारे ११ मिनिटांत झालं, टॅब्लेटवर १४ आणि मोबाइलवर १६ मिनिटं लागली. तासाभराने प्रश्न विचारले तेव्हा सोप्या प्रश्नांची उत्तरं कागदवाल्यांनी जास्त बरोबर दिली, आणि उत्तरं आठवताना त्यांच्या मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागांत हालचालही जास्त दिसली. संशोधकांच्या मते याचं कारण जागा. कागदावरची नोंद एका ठरावीक ठिकाणी असते: डाव्या पानावर, खालून दुसऱ्या चौकोनात, थोडी तिरकी. पडद्यावर ती सरकते आणि नाहीशी होते.

प्रयोग एका बैठकीचा होता, वर्षभराच्या शिस्तीबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. पण जागेचा मुद्दा खरेदीसाठी फार कामाचा आहे. सगळ्या आठवड्यांची मांडणी एकसारखी असलेला प्लॅनर घ्या. दर महिन्याला वेगळं चित्र, वेगळा रंग, मध्येच सुविचाराची चौकट असे प्लॅनर दुकानात छान दिसतात, पण नजरेला ओळखीची जागा मिळू देत नाहीत.

देवनागरीसाठी ओळ किती हवी?

याचा विचार बहुतेक परीक्षणांत नसतो, आणि मराठीत लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. बाजारातले बरेच देखणे प्लॅनर ५ मिमीच्या ठिपक्यांचे असतात. ते माप रोमन अक्षराला ठीक आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. पाच मिमीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही. सात मिमी उत्तम, सहा मिमी चालेल, पण पेनाचं टोक ०.५ किंवा त्याहून बारीक हवं. जगभर नावाजलेल्या जपानी होबोनिची डायरीतले चौकोन ३.७ मिमीचे आहेत. मराठीत लिहायचं तर दोन चौकोन मिळून एक ओळ धरावी लागते आणि पानाची जागा निम्मी होते. ठिपक्यांवर एक ओळ सोडून लिहिण्यापेक्षा आखीव प्लॅनर घ्यावा.

तासांचे उभे रकाने असलेल्या मांडणीचीही तीच गत. ए५च्या जोडपानाची वापरता येणारी रुंदी जेमतेम २५६ मिमी. सात रकाने पाडले तर प्रत्येकी ३६ मिमी, आणि त्यात 'सोनोग्राफी' एवढा शब्द लिहिला की ओळ संपते. शिकवणी घेणारे, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर यांना अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने लागतातच. त्यांनी बी५ (१७६ बाय २५० मिमी) घ्यावा आणि तो टेबलावरच ठेवावा.

आणखी एक तक्रार आयात केलेल्या आणि त्यांची नक्कल असलेल्या प्लॅनरांबद्दल: शनिवार-रविवारला मिळून एकच चौकोन. महाराष्ट्रात राज्य सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा झाला, पण शाळा, दुकानं, दवाखाने शनिवारी चालू असतात, बँका पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी उघड्या असतात, आणि भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. घरच्या कामांचा तर खरा गठ्ठा शनिवार-रविवारीच असतो. सातही चौकोन सारखे नसतील तर तो प्लॅनर परत ठेवावा.

तारखा नसणं: सोय आणि धोका

जानेवारी ते डिसेंबर छापलेली डायरी जूनमध्ये सुरू केली तर जवळपास निम्मी फुकट जाते. बिनतारखेचा प्लॅनर शाळेच्या वर्षाबरोबर जूनपासून, आर्थिक वर्षाबरोबर एप्रिलपासून किंवा दिवाळी पाडव्याला नव्या वहीबरोबर सुरू करता येतो. मध्येच आजारपणात तीन आठवडे काही लिहिलं नाही तरी कोरी पानं वाया जात नाहीत.

धोका एकच, आणि तो मोठा आहे: तारीख चुकली की पुढचे सगळे आठवडे चुकतात. दर रविवारी पुढची तारीख टाकत गेलं तर दोन महिन्यांनंतरचं लग्न लिहायला जागाच तयार नसते. म्हणून वर्षभराच्या फक्त सोमवारच्या तारखा एकाच बैठकीत, शिसपेन्सिलीने, डाव्या कोपऱ्यात टाकाव्यात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. चूक बहुतेक वेळा ३० आणि ३१च्या सांध्यावर होते. दर महिन्याचा पहिला सोमवार भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिला की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. २०२६ मध्ये पडताळणीसाठी सोपी खूण: फेब्रुवारी २८ दिवसांचा असल्याने फेब्रुवारी आणि मार्च दोन्हींत सोमवार २, ९, १६, २३ ला येतात, मार्चमध्ये शिवाय ३० ला. सगळं जुळल्यावर पेनाने गिरवावं.

सण पंचांग पाहूनच भरावेत. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सगळे सण आदल्या वर्षापेक्षा उशिरा आहेत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीच्या वहीवरून अंदाजाने लिहिलं तर अडीच आठवड्यांची चूक होईल.

कागद, बांधणी, शाई

कागद ८० जीएसएमचा, नॅचरल शेडचा मागावा. दुकानदार आणि छपाईवाले फिकट पिवळसर कागदाला नॅचरल शेड म्हणतात. ट्यूबलाइटखाली तो पांढऱ्याफेक कागदापेक्षा डोळ्यांना सुखाचा असतो. ७० जीएसएमवर बॉलपेन ठीक चालतं, पण जेल पेन मागच्या पानावर उमटतं. नुसतं जीएसएम पाहून फसगत होते. कागदाला पृष्ठभागावर पुरेशी खळ नसेल तर १०० जीएसएमवरही शाई फुटते, अक्षराच्या कडेला केस आल्यासारखी दिसते. दुकानात आपलं नेहमीचं पेन न्यावं आणि सुटा नमुना कागद मागून तीन गोष्टी कराव्यात: एक ओळ लिहिणं, एका ठिकाणी तीन सेकंद टोक टेकवून ठेवणं, आणि पाच सेकंदांनी अक्षरावरून बोट फिरवणं. शाई फुटली, आरपार गेली किंवा फरकटली तर तो कागद आणि ते पेन यांचं जमणार नाही.

बांधणी पाहायला प्लॅनर उभा धरून कण्याकडे वरून बघावं. कागदांचे दुमडलेले छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले आणि दर सोळा पृष्ठांच्या मधोमध दोरा दिसला तर ती शिवण बांधणी. अशी वही पहिल्या आठवड्यापासून सपाट उघडी राहते. फर्मे न दिसता कागदांच्या सुट्या कडा डिंकात बसवलेल्या दिसल्या तर ते परफेक्ट बाइंडिंग. गरम करून लावलेला तो गोंद वही पूर्ण उलगडली की तडकतो, आणि ऑगस्टपर्यंत मार्चचे आठवडे सुटून हातात येतात. साप्ताहिक प्लॅनर दिवसभर टेबलावर उघडा राहायला हवा, म्हणून शिवण बांधणीचा आग्रह आम्ही धरतो. वायरो, म्हणजे तारेच्या कड्यांची बांधणी, छान उलगडते, पण पिशवीत तार दबते, कागदाची भोकं फाटतात आणि डाव्या पानावर लिहिताना तळहाताला तार बोचते. लॅपटॉपसमोरच्या अरुंद जागेत मात्र वायरोच बरी, कारण पान पूर्ण मागे वळवता येतं.

कागदाचा धागा हा शब्द दुकानात कुणी उच्चारत नाही, पण पावसाळ्यात फरक त्यानेच पडतो. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात आणि दमट हवेत कागद त्या दिशेला काटकोनात फुगतो. धागा कण्याला समांतर असेल तर पान बाहेरच्या कडेकडे मोकळं पसरतं. धागा कण्याला काटकोनात असेल तर पान कण्याच्या बाजूनेच वाढू पाहतं, तिथे शिवण आणि गोंद त्याला धरून ठेवतात, आणि पानांना लाटा येतात. ओळखायचं कसं? एक पान उलटताना ते मऊपणे पडलं तर धागा बरोबर; ताठ उभं राहून परत उलटं येऊ लागलं तर चुकीचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, मुंबई इथल्या वाचकांनी ही तपासणी टाळू नये.

शाईबद्दल थोडक्यात. बॉलपेनची शाई तेलकट असते, पावसात विरघळत नाही, मात्र पानावर वळ उमटतात. पिग्मेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं, जेल पेन पाण्याला टिकतं. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाईचं फाउंटन पेन एका थेंबाने पसरतं. उष्णतेने पुसली जाणारी शाई (पायलटचं फ्रिक्सियन हे त्यांतलं ओळखीचं नाव) प्लॅनरसाठी मोहक आहे, कारण खोडता येतं. पण ती ६० अंश सेल्सियसच्या वर अदृश्य होते, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एवढी उष्णता सहज होते. तसं झालंच तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये काही तास ठेवावी. उणे दहा ते उणे वीस अंशांच्या दरम्यान अक्षरं बरीचशी परत येतात, मुद्दाम खोडलेलीही येतात. आमचा सल्ला: ठरलेल्या वेळा आणि मुदती पेनाने, बदलू शकणारी कामं शिसपेन्सिलीने.

भरायची पद्धत

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी डाव्या पानावर ज्यांची वेळ दुसऱ्याने ठरवली आहे ते लिहावं: डॉक्टरांची भेट, पालकसभा, गाडीची वेळ. मग मुदती. आणि मुदतीच्या दिवशी मुदत लिहून थांबू नये, तिथून मागे मोजत यावं. जीएसटीचं मासिक विवरण भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचं उदाहरण घ्या. विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत. खरेदीचा तपशील दाखवणारं २बी १४ला तयार होतं. कर भरायचं सारांश विवरण, ३बी, २० तारखेपर्यंत. नुसतं '२० ला जीएसटी' लिहिणाऱ्याची १९च्या रात्री धावपळ होते, कारण एखाद्या पुरवठादाराचं बिल २बीमध्ये आलेलंच नसतं. वहीत नोंदी अशा हव्यात: ९ला विक्रीची बिलं पूर्ण, ११ला जीएसटीआर-१, १५ला २बी ताडणे आणि राहिलेल्या पुरवठादारांना फोन, १८ला रक्कम भरणे, १९ला ३बी. यात ७ तारखेचा टीडीएस, १५ तारखेचा पीएफ आणि ईएसआय, आणि १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च हे आगाऊ कराचे चार दिवस बसवले की महिन्याचे दुसरा आणि तिसरा आठवडे किती भरलेले असतात ते डोळ्यांना दिसतं. लग्नाची खरेदी किंवा दुकानाची रंगरंगोटी चौथ्या आठवड्यात ढकलायची, हे मग आपोआप कळतं.

मागे मोजण्याचं घरगुती उदाहरण कोकणातल्या गणपतीचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. २०२६ मध्ये शनिवारी, १२ सप्टेंबरला निघायचं तर आरक्षण १४ जुलैला, मंगळवारी उघडणार. ही नोंद १४ जुलैच्या चौकोनात हवी, आणि त्याच्या आदल्या रविवारी 'कोण कोण येणार, वयांसकट यादी' ही दुसरी नोंद.

काही कामं मुळातच आठवड्यांत मोजतात आणि तिथे जोडपान विलक्षण सोपं पडतं. बाळाच्या राष्ट्रीय लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी असतात. जन्माच्या आठवड्यापासून पुढे सहा, दहा, चौदा जोडपानं मोजायची आणि त्याच वाराच्या चौकोनात लिहायचं. बुधवारी जन्मलेल्या बाळाचे तिन्ही आठवडे बुधवारीच पूर्ण होतात. लसीकरणाचा वार आपल्या केंद्रात दुसरा असेल तर त्यानंतरच्या त्या वाराला बाण करावा. गरोदरपणाच्या तपासण्यांचंही तसंच.

आता उजवं पान. इथे वार न ठरलेली कामं, जास्तीत जास्त पंधरा. 'सोसायटी', 'लाइट', 'आईचं पेन्शन' अशा एकशब्दी नोंदी करू नयेत. त्या वाचल्यावर काय करायचं ते पुन्हा ठरवावं लागतं, म्हणून नजर त्यांच्यावरून घसरते. 'आईचा हयातीचा दाखला: बँकेत कोणती कागदपत्रं लागतात ते फोनवर विचारणे' असं लिहिलं की काम सुरू होतं. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरी राहिलेली कामं दुसऱ्या कामात सारखी डोकं वर काढतात, पण ती केव्हा आणि कशी करायची याची नेमकी आखणी केली की, काम अजून झालेलं नसतानाही, तो त्रास थांबतो. नेमकी हा शब्द महत्त्वाचा. मोघम नोंद डोक्यावरचं ओझं उतरवत नाही.

खुणा चार पुरतात. कामाआधी ठिपका, झालं की ठिपक्यावर फुली, पुढच्या आठवड्यात नेलं की उजवीकडे बाण, सोडून दिलं की पूर्ण ओळीवर रेघ. ही मूळ कल्पना न्यूयॉर्कच्या रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये लोकांपुढे आणलेल्या बुलेट जर्नल पद्धतीतली आहे, आणि तिचा सगळ्यात उपयोगी भाग आहे तो बाणाचा. बाकी राहिलेलं काम पुढच्या जोडपानावर हाताने पुन्हा लिहावं लागतं. मोबाइलवर तेच काम एका बोटाने पुढे सरकतं, म्हणून वर्षभर सरकत राहतं. हाताने तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की थांबावं आणि त्याचे तुकडे करावेत, ते कुणाकडे तरी सोपवावं, किंवा त्यावर रेघ मारावी. चौथ्यांदा लिहू नये.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिला आठवडा पाच रंगांत, चिकटचित्रं लावून सजवला जातो, मग तसं जमेना म्हणून वही मिटते. एकाच रंगाने सुरुवात करावी. ऑफिसची एक आणि घरची एक अशा दोन वह्या केल्या की सहा वाजताची मीटिंग आणि सहा वाजताचा दंतवैद्य एकमेकांना दिसत नाहीत; वही एकच हवी, घरच्या नोंदींखाली हवी तर रेघ ओढावी. आणि वही ड्रॉवरमध्ये गेली की संपलीच. ती उघडी, पेनासकट, जेवणाच्या किंवा कामाच्या टेबलावर असावी.

काय जमत नाही

कागद वाजत नाही. गोळ्यांच्या वेळा, तात्काळ आरक्षणाचे सकाळी १० आणि ११, गॅसवर ठेवलेलं दूध यांसाठी मोबाइलचा गजरच हवा. दर महिन्याला परत येणाऱ्या नोंदी बारा वेळा हाताने लिहाव्या लागतात. प्रवासात वही हरवली तर प्रत नसते, म्हणून रविवारी चालू आणि पुढच्या जोडपानाचा फोटो काढून ठेवावा. एटीएमचा पिन, पासवर्ड, आधार क्रमांक वहीत कधीही लिहू नयेत.

आणि घरातल्या सगळ्यांना दिसायला हव्या त्या गोष्टी वहीत कोंडू नयेत. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं कालनिर्णय आजही घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं. दुधाचा, पेपरचा, कामाला येणाऱ्या ताईंचा खाडा तिथेच लिहायचा, सिलिंडर लावल्याची तारीख तिथेच. ती जागा सामाईक आहे आणि तशीच राहावी. प्लॅनर एका माणसाचा असतो.

मनासारखा मिळाला नाही तर

शिवण बांधणी, सात मिमीची आखणी आणि सात सारखे चौकोन एकत्र मिळणं कठीण जातं. तेव्हा बाइंडरकडून करून घ्यावा. १६० पृष्ठांना ए४चे ४० कागद लागतात: चार-चार कागद एकात एक दुमडून सोळा पृष्ठांचा एक फर्मा, असे दहा. दहाही फर्मे दोऱ्याने एकमेकांना शिवून, वर कापडी कणा आणि पुठ्ठा. इथे एक चूक हमखास होते. रिममधल्या ए४ कागदाचा धागा बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो, आणि तो मधोमध दुमडला की धागा कण्याला काटकोनात येतो, म्हणजे पावसाळ्यात लाटा. रिम घेऊन जाऊ नये. छपाईवाल्याला मोठ्या तावातून असा ए४ कापायला सांगावा की धागा २१० मिमीच्या बाजूला समांतर येईल. छापण्याआधी एक कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, घडी त्याच दिशेला पडायला हवी. आणि पहिल्या फर्म्याची छपाई झाली की डाव्या पानाचा चौकोन उजव्या पानावर तर गेला नाही ना, हे घडी घालून तपासावं, मगच बाकीचे नऊ छापायला सांगावेत.